बिनसुईचं बाळंतपण

आमच्या वाडीत बाईला जोखायची जी दोन-चार मापं आहेत, त्यांत बाळंतपणाचं माप फार जुनं. कोण दिवस भरेपर्यंत खुरपायला जात होती, कोण रात्रभर कळा देत होती, कोण ओरडली आणि कोण पदराचा बोळा तोंडात धरून गप्प राहिली, हे सगळं बायका वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतात. त्या मापात माझा नंबर वरचा. माझं दुसरं बाळंतपण घरातच झालं. सलाईन नाही, सुई नाही, टाका नाही. सासूबाईंनी ही गोष्ट इतक्या जणींना सांगितली, की माझी गाठभेट नसलेल्या बायकांनाही ती पाठ झाली. पाव्हण्यांत कुणी ओळख करून देताना म्हणायचं, "हीच ती, बिनसुईची बाळंतीण." आणि मी खाली बघून हसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या बाळंतपणात झालेली माझी लेक आता पुण्यात असते. तिला आठवा लागला होता तेव्हा एका रात्री तिचा फोन आला.

"आई, एक विचारू? रागावू नको."

"बोल की."

"डॉक्टर म्हणतात, पाठीत एक इंजेक्शन देतात. कळा फारशा जाणवत नाहीत. बाई शुद्धीवर असते, सगळं कळत असतं. घेऊ का गं?"

मी विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, "आम्ही कुठं घेतलं होतं? तू झालीस तेव्हा तर साधी सुईसुद्धा टोचली नव्हती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या "बरं"नं मला रात्रभर झोप लागू दिली नाही. तिनं विचारलं होतं तिच्या दुखण्याबद्दल आणि मी उत्तर दिलं माझ्या मोठेपणाचं. शिवाय ते उत्तर खरंही नव्हतं. का नव्हतं, ते पुढं सांगते.

पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणं मी माहेरी गेले होते. साल 1994. रात्री पाणमोट फुटली आणि आबांनी जीप ठरवून तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. पहिलटकरीण, त्यामुळं कळा रमतगमत येत होत्या. सकाळी कुणीतरी सलाईन लावलं आणि त्यात काहीतरी सोडलं. काय सोडलं, कशाला सोडलं, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात कळा अशा सुरू झाल्या, की एक सरायच्या आत दुसरी चढायची. मधे श्वास घ्यायलाही फट नाही. मी ओरडले तर तिथली आया म्हणाली, "आता कशाला बोंबलतीस? तवा ग्वाड लागलं न्हवं?" आई दाराबाहेर होती, तिला आत येऊ दिलं नाही. दोघींनी पाय दाबून धरले, कात्री लागली, टाके पडले. थोरला झाला. तो धडधाकट होता, देवाची कृपा. पण मला महिनाभर नीट बसता येत नव्हतं, आणि त्या आयाचे शब्द टाक्यांपेक्षा जास्त दिवस दुखले.

पुढं 1997 साली मी अंगणवाडीत लागले. तिथल्या प्रशिक्षणात कळलं की सलाईनमधून सोडलं होतं ते कळा वाढवायचं औषध. ते औषध काही विष नव्हे. कळा मंदावल्या, बाळाला धोका दिसू लागला, तर त्यानंच कितीतरी बाया सुटतात. पण त्या काळी आमच्या भागात बाळंतपणातली सुई म्हणजे कळा वाढवायचीच सुई. कळा कमी करायची सुई असते, हे मला कळलं तेव्हा माझी दोन्ही पोरं शाळेत जात होती. म्हणजे मी "सुई घेतली नाही" म्हणते तेव्हा दुखणं थांबवणारं काही समोर होतं आणि मी ते बाजूला सारलं, असं काहीच घडलं नव्हतं. दारात आलेला लाडू परत पाठवला तर तो उपास. घरात दाणाच नसेल तर त्याला उपास म्हणत नाहीत, त्याला उपाशी राहणं म्हणतात.

दुसऱ्या खेपेला मी सासरीच होते. ऑक्टोबर 1998. परतीचा पाऊस असा कोसळला होता, की तालुक्याच्या वाटेवरचा ओढा फरशीवरून वाहत होता. एसटी पलीकडंच थांबली. मला तिन्हीसांजेला कंबरेत भरून आलं. ह्यांनी सायकल काढली आणि अलीकडच्या वस्तीवरच्या उपकेंद्रातून नर्सबाईंना घेऊन आले. लाईट गेलेली. सोप्यात कंदील टांगला. सासूबाईंनी चुलीवर पाण्याचा हंडा चढवला.

नर्सबाईंनी आधी हात धुतले. मग पोटावर हात ठेवून बराच वेळ बघितलं, नळी लावून बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "डोकं खाली हाय. समदं सरळ हाय. आता पडून राहू नको, चाल." मी सोप्यातल्या मेढीपासून उंबऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. कळ आली की मेढीला मिठी मारायची, सरली की पुन्हा चालायचं. कळा काही कमी दुखत नव्हत्या. पण पाण्याच्या लाटेसारखं त्यांना चढण होतं आणि उतार होता. उतार येणार हे माहीत असलं की चढण सोसते. नर्सबाई मधून मधून विचारायच्या, "कसं बरं वाटतंय? कुशीवर पडतीस का उकिडवी बसतीस? तुझं तुला कळंल. तू सांग."

तू सांग. आजवर मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. ना लग्नात, ना पहिल्या बाळंतपणात.

मी मेढ धरून उकिडवी बसले. सासूबाईंनी पाठीमागून काखेत हात घालून मला तोलून धरलं. डोकं आलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "हात लावून बघ." मी हात खाली नेला. बोटांना ओले, मऊ केस लागले. त्या क्षणाबद्दल आजही माझं मन जराही बदललेलं नाही. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. पाचेक तासांत सगळं आटोपलं. वार पडली, ती पुरी आहे का ते नर्सबाईंनी कंदिलाजवळ नेऊन नीट पाहिलं. आणि मग त्यांनी पिशवीतून एक सुई काढली आणि माझ्या मांडीत टोचली. "पिशवी आवळती यानं. रगत जात न्हाय," म्हणाल्या.

ती सुई गावातल्या गोष्टीत नाही. सासूबाईंनी ती कधी सांगितली नाही, बहुधा त्यांच्या लेखी मूल झाल्यावर बाळंतपण संपलंच होतं. पण मला ठाऊक होतं. मीही सांगितली नाही. सांगितली असती तर गोष्ट उणी झाली असती.

माझी एक धाकटी चुलती होती. मी तिला काकी म्हणायचे. आठ-दहा वर्षांच्या मला ती वेणी घालायची, तिच्या हाताला शिकेकाईचा वास असायचा. 1982 साली तिचं दुसरं बाळंतपण घरीच झालं. मूल सहज झालं, बायका म्हणाल्या, "देवानं केलं." पण वार पडेना. सुईण पोट चोळत राहिली. रक्त थांबेना. पोती बदलली, राख टाकली, जागरण मागून घेतलं. माणसं म्हणत होती, "हुईल, निसर्ग आपलं काम करतो." उजाडायच्या आत काकी गेली. तिलाही कुठली सुई टोचली नव्हती. तीही बिनसुईचीच बाळंतीण.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमची म्हैस अडली होती. रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. तेव्हा रात्रीचे आबा आणि तात्या सायकलीवर आठ मैल जाऊन गुरांच्या डॉक्टरला उठवून घेऊन आले होते. म्हशीच्या वेळी कुणी निसर्गाचं नाव काढलं नाही. मी हे आबांना टोचायला लिहीत नाही, ते काकीसाठी पुढं कितीतरी वर्षं रडले. पण म्हैस अडली की डॉक्टर आणायचा असतो हे त्यांना माहीत होतं, आणि बाई अडली की वाट बघायची असते हेही त्यांना माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माणसाला, रीत म्हणून शिकवलेल्या होत्या.

तेव्हा "नैसर्गिक" या शब्दाचं मला जरा भय वाटतं. माझं बाळंतपण नैसर्गिक झालं आणि काकीचं मरणही नैसर्गिकच झालं. निसर्गाला दोन्ही सारखीच. त्याच्यात दया नसते आणि दावाही नसतो. ओढ्याला पूर येतो तेव्हा तो कुणाची एसटी अडवायला येत नाही. चांगलं-वाईट ठरवायचं काम माणसांचं. त्या रात्री माझ्या बाजूला निसर्ग होता म्हणून मी वाचले असं म्हणण्यापेक्षा, निसर्ग उलटला तर काय करायचं हे जाणणारी एक बाई पिशवी घेऊन कंदिलाशेजारी बसली होती, असं म्हणणं जास्त खरं.

आणि माझं धैर्य? दुसरेपणाची वाट पहिल्या मुलानं मोकळी केलेली असते. अंगणवाडीच्या वहीत मी इतक्या वर्षांत किती गरवार बायांची नावं लिहिली, बहुतेकींचं दुसरं बाळंतपण पहिल्यापेक्षा लवकर उरकलं. त्यात बाळाचं डोकं खाली होतं, ते सरळ होतं. यांतलं मी काय केलं होतं?

हा प्रश्न मला माझ्या धाकट्या जावेनं विचारला होता. 2001 साली तिचं बाळ पोटात आडवं होतं. शिझर करावं लागलं. घरी आल्यापासून सासूबाईंची टकळी सुरू. "थोरलीला बघ, मेढ धरून मोकळी झाली. हिला मातूर पोट फाडाय लागलं." हे ती दोन-तीन वर्षं ऐकत होती, आणि मी तिथंच भाकऱ्या थापत बसलेली असायचे. एकदाही म्हटलं नाही, की आत्या, पुरे. एक दिवस पाण्याला जाताना ती शांतपणे म्हणाली, "अक्का, तुमचं बाळ सरळ हुतं, माझं आडवं हुतं. त्यात तुमचं काय, आन् माझं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी हंडा डोक्यावर घेतला आणि पुढं चालू लागले. तेव्हाच मी ती मांडीतली सुई सांगायला हवी होती. तिच्या पोटावरचे टाके आणि माझ्या मांडीतली सुई, दोन्ही एकाच कामासाठी होती. बाई जगावी म्हणून.

दुःख सोसण्यात पुण्य असतं का, हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं नाही. विलायतेत 1847 साली सिम्प्सन नावाच्या डॉक्टरानं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा धर्माच्या नावानं विरोध झाला. बाईनं कळा भोगूनच मूल जन्माला घालावं ही देवाची आज्ञा, ती मोडणारे तुम्ही कोण, असा तो वाद. पुढं 1853 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीनं आठव्या मुलाच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला आणि बरीच तोंडं बंद झाली. राणीला दुखतं हे लोकांना पटकन पटतं. बाकीच्या बायांचं दुखणं पटायला वेळ लागतो.

पण मला राणीपेक्षा आपल्या आनंदीबाई जोशींचं जास्त वाटतं. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेलं. एवढं सोसलेली बाई दोन गोष्टी करू शकते. एक, पुढच्या पोरीला म्हणू शकते, "मी सोसलं, तूही सोस." दुसरी, "हे पुढच्या पोरीला सोसायला लागू नये," असं म्हणून उठू शकते. आनंदीबाई उठल्या, समुद्र ओलांडून गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. आपल्याला दुखलं, त्याचं आपण काय करतो, यावर माणसाची पारख व्हावी. किती दुखलं, यावर नाही.

मी काय केलं? मी माझ्या दुखण्याचा दागिना केला. जावेसमोर मिरवला, लेकीसमोर काढला. दागिना म्हटला की दुसरीच्या गळ्यात तो नसणं आलंच. त्याशिवाय मिरवता येत नाही.

तरीही एक गोष्ट मला सोडवत नाही. पहिलं आणि दुसरं बाळंतपण शेजारी ठेवलं तर दुसरं मला माझं वाटतं आणि पहिलं माझ्यावर कुणीतरी केलेलं वाटतं. बरीच वर्षं मी समजत होते की हा फरक सुईमुळं आहे. आता वाटतं, फरक "तू सांग" या दोन शब्दांचा होता. दवाखान्यातल्या त्या सलाईनच्या वेळी कुणी माझ्याजवळ टेकून म्हटलं असतं, "बाळा, कळा मंद आहेत, हे औषध द्यावं लागेल, जास्त दुखेल, आईला बोलवू का?" तर ते बाळंतपणही माझं झालं असतं. आणि नर्सबाईंच्या जागी ती तोंडाळ आया असती तर बिनसुईचं बाळंतपणही परक्याचंच वाटलं असतं. जिला विचारलं जातं, तिचं बाळंतपण तिचं. मग ती सुई घेवो, न घेवो.

हे सगळं मनात जुळायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी लेकीला फोन केला.

"परवा मी चुकीचं बोलले."

"काय गं?"

"तू झालीस तेव्हा सुई टोचली होती मला. मांडीत. रक्त थांबायची. मी ती कधी सांगितलीच नाही."

ती हसायला लागली. "एवढंच? मला वाटलं काय झालंय!"

मग मी तिला काकीची गोष्ट सांगितली. तिनं ती आधी कधी ऐकली नव्हती. ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मग मी काय करू?"

"डॉक्टरला सगळं विचार. भूल देणारा डॉक्टर तिथं कायम असतो का विचार. रक्तदाब उतरला तर काय करतात विचार. आणि मग तुझं तुला कळेल. तू सांग, मी शेजारी बसते."

मी दिवस भरायच्या आधीच पुण्याला गेले. कळा पहाटे सुरू झाल्या. पाच-सहा तास ती चालली, माझ्या खांद्याला धरून झुलली. दुपारी तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, आता नको. आता मी घेते." त्या क्षणी माझ्या मनात बारीकसं काहीतरी टोचलं. हरली, असा एक शब्द उगवला. इतका विचार करून, सगळं स्वतःला समजावूनसुद्धा तो उगवला. हे लिहायला लाज वाटते, पण लपवायची सवय एकदा मोडायची म्हणून लिहिते. जुनं माप असं हाडात बसलेलं असतं.

सुई दिल्यावर अर्ध्या तासात तिचा चेहरा सैल झाला. तिनं माझा हात धरला आणि चक्क तासभर झोपली. कळा येत होत्या, यंत्राच्या कागदावर त्यांचे डोंगर उमटत होते, आणि ती झोपली होती. मी त्या डोंगरांकडं बघत बसले. काकी आठवली, मेढ आठवली. संध्याकाळी नात झाली. डोकं आलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "हात लावून बघा." तिनं हात नेला, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी ओळखलं. ते सुईनं कमी झालेलं नव्हतं.

महिन्याभरानं दोघींना घेऊन गावी आले. बायका बघायला आल्या. कुणी दुपटं आणलं, कुणी डिंकाचे लाडू. पहिला प्रश्न ठरलेला, "नारमल का शिझर?" आणि नारमल म्हटलं की दुसरा, "सुई दिली का गं?"

जाऊ पाळण्यापाशी बसून नातीला अंगाईची दोरी देत होती. मी तिच्याकडं बघितलं.

"पाठीत दिली होती एक," मी म्हणाले. "आणि हिची आई झाली तेव्हा मलाही दिली होती एक. मांडीत."

जावेनं मान वर केली. दोरी तिच्या हातात तशीच थांबली. मग ती बायकांकडं वळून म्हणाली, "सुखरूप सुटली म्हना की. त्यात इचारायचं काय?"

आणि तिनं पुन्हा पाळणा हलवायला घेतला.